वन्सं, चरबी आणि सदतीस अंश

माणसाच्या मूत्रपिंडाबद्दल इतक्या मायेनं बोलणारी बाई अख्ख्या हैदराबादेत दुसरी सापडायची नाही. ही बाई म्हणजे आमच्या थोरल्या वन्सं, माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. राहतात आमच्याच घरात. लग्न केलं नाही, संशोधन केलं. मूत्रपिंडातल्या पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं; ते मऊ असलं की त्यात बसलेलं एन्झाइम झपाझप काम करतं, घट्ट झालं की रेंगाळतं, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली. आणि आम्हाला धरून धरून सांगितली. कोठीच्या बाजारात तेल घ्यायला गेल्या तरी कुठलं तेल थंडीत थिजतं यावर अर्धा तास. शेवटी दुकानदारानं हात जोडले, "अम्मा, तेल लेरे कि क्लास लेरे?" वन्सं म्हणाल्या, "दोनो!" घरात कोणी आळस केला की "आवरण घट्ट झालंय ह्याचं" हा शेरा ठरलेला, पाहुण्यांसमोरसुद्धा. जेवताना किडनीचं नाव काढायचं नाही असा मी नियम केला, तर त्या "वृक्क" म्हणू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात मात्र त्या दोन महिने गप्प गप्प होत्या. मग एका संध्याकाळी माझ्याजवळ बोलल्या. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि जुनाच प्रयोग पुन्हा करताना उत्तर येईना. पेशी गरम पाण्याच्या पेटीत ठेवून चरबी मऊ केली तरी एन्झाइम ढिम्म. "माझंच सगळं चुकलं असणार गं." छापून आलेला शोधनिबंध मागे घ्यायचं पत्रही त्यांनी लिहून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुकटपल्लीच्या आमच्या घरून त्यांचा डबा घेऊन मी थेट प्रयोगशाळेत धडकले. त्या मीटिंगमध्ये होत्या. थंडीनं डब्यातलं तूप पार दगड झालेलं, आणि समोर गरम पाण्याची पेटी, वर ठळक आकडा, सदतीस अंश. दिली तुपाची डबी सोडून त्यात! अर्ध्या तासानं त्या आल्या आणि काय भडकल्या! "अक्कल गहाण टाकलीस का? इथं खायचं आणतात?"

"आणलं, पण तुमची पेटी काही कामाची नाही," मीही तडकले. "अर्धा तास झाला, तूप हललं नाही."

वन्संनी डबी उघडून पाहिली. मग कपाटातला काचेचा थर्मामीटर काढून पाण्यात धरला. बावीस अंश! पेटीवरचा आकडाच खोटा. पाणी गार, म्हणून आवरण घट्ट, म्हणून एन्झाइम रेंगाळलेलं. त्यांनी दुसऱ्या पेटीत प्रयोग केला आणि जुनं उत्तर जसंच्या तसं आलं. मला घरी फोन करून "आलं गं, आलं!" एवढंच ओरडल्या. सुटलो एकदाचे!

पत्र फाडलं, वन्सं मानानं निवृत्त झाल्या. परवा चहा पिताना एकदम म्हणाल्या, "दोन महिने मी स्वतःला खोटी ठरवत होते गं. पेटीवर संशय घ्यावा, हे मनातसुद्धा आलं नाही."

मी नुसता त्यांचा हात धरला. खरं सांगू? ते दोन महिने घर किती शांत आहे म्हणून आम्ही सगळे खूश होतो.