उलटा समुद्र

मी एकदा समुद्र उलटा चालवला. लाटा किनाऱ्याकडे यायचं सोडून किनाऱ्यावरून निघून क्षितिजाकडे चालल्या होत्या, आणि मी हे तीन आठवडे रोज बघत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चष्मा डोळ्यांवरच होता.

ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी बासष्ट वर्षांची, म्हणजे तरुणच होते, आणि तरुणपणात माणसाला जो माज असतो तो माझ्यात काठोकाठ भरलेला होता. आज अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईची आठवण आली की तिचा कान धरावासा वाटतो.

आधी समुद्र कसला ते सांगते. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची एक तऱ्हा आहे, तिला शेडर म्हणतात. त्यात ब्रश नाही, रंगाची बशी नाही, फोटो नाही. नुसतं गणित. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि त्या सगळ्यांना मिळून आपण एकच नियम लिहून द्यायचा: तू कुठे आहेस आणि सुरुवातीपासून किती वेळ गेलाय ते बघ, आणि तुझा रंग तूच ठरव. शाळेच्या मैदानावर मुलं रंगीत पुठ्ठे वर धरून चित्र करतात ना, तसं. प्रत्येक मुलाला आपली जागा तेवढी माहीत. शेजारच्याच्या हातात काय आहे याचा त्याला पत्ता नसतो, पण गच्चीवरून बघणाऱ्याला मोर दिसतो. हेच पुठ्ठे सेकंदाला साठ वेळा बदलले की मोर नाचायला लागतो.

मला हे आवडलं, कारण मी एकतीस वर्षं मुलुंडच्या एका गिअरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात काढली. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन, पुढे कॉम्प्युटर. गिअरच्या दात्यांची वळणं काढण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या बायकांनी मला भजनी मंडळात नेलं, आणि माझा आवाज ऐकून त्यांनीच घरी आणून सोडलं. मग कॉलेजात जाणाऱ्या माझ्या नातीने एक वेबसाइट दाखवली. डावीकडे ओळ लिहायची, उजवीकडे चित्र उमटतं. मी वर्तुळाचं सूत्र लिहिलं आणि वर्तुळ आलं. पुढच्या ओळीत कंस विसरले, तर सगळा पडदा काळा. मनात काही न ठेवणारा असा साहेब मला नोकरीत कधी भेटला नव्हता.

वर्षभराने नातच म्हणाली, "आजी, एक कॉम्पिटिशन आहे. हौशी लोकांची. बक्षीस वगैरे नाही हं, टाळ्या मिळतात."

"टाळ्या चालतील."

"एक मिनिटाचं काहीतरी करायचं. फोटो नाही, व्हिडिओ नाही, सगळं गणितातून. मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि बघायला आलेले लोकच मत देतात."

"काय करतात लोक?"

"बोगदे करतात, चमकणारे गोळे करतात. तू गोळा कर, सोपा असतो."

"मी समुद्र करते."

"पाणी सगळ्यात कठीण असतं गं."

"म्हणूनच," मी म्हणाले. हे तिला सांगायचं कारण. खरं कारण स्वयंपाकघरात कोलंबी सोलत बसलं होतं.

ते कारण म्हणजे माझी नणंद, यजमानांची थोरली बहीण. वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावर जन्मली, दोन गावं सोडून किनाऱ्यावरच दिली, सत्तर वर्षं दाराशी समुद्र. माझे यजमान गेले त्या वर्षी वन्सं महिनाभर सोबतीला म्हणून बोरीवलीला आल्या, आणि इथे असतानाच त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी मान टाकली. गावच्या घराला चौदा पायऱ्या आणि पुढे वाळूची वाट. जाणं संपलं. त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त संध्याकाळी बाल्कनीत खुर्ची टाकून नॅशनल पार्कच्या झाडांकडे बघत म्हणायच्या, "गावाक आता भरती लागली असतली." तिथीवरून सांगायच्या, घड्याळही बघायच्या नाहीत. मी एकदा चोरून मोबाइलवर तपासलं. बाई दहा मिनिटांनी चुकल्या होत्या.

मी मात्र कोकणातली फक्त आडनावापुरती. जन्म परळच्या चाळीत, वडील गिरणीत. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा नव्या कोऱ्या चपला पाण्याच्या कडेला काढून ठेवल्या आणि ऐटीत किनाऱ्याने फिरायला निघाले. वेळ ओहोटी संपल्याची. परत येते तो चपला नाहीत. मी अख्ख्या वाडीवर चोरीचा आळ घेतला, रडले, सासऱ्यांना सांगते म्हणाले. वन्सं माहेरी आलेल्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "व्हय गो, नेल्यान. दर्यान नेल्यान."

तेव्हापासून मी मुंबयची. बांगडा चांगला निवडला तरी "मुंबयची असान बरो निवडलंस." सोलकढी बिघडली तर मग विचारायलाच नको.

तर मी ठरवलं की असा समुद्र करायचा की वन्संनी बघताक्षणी म्हटलं पाहिजे, होच आमचो दर्यो. त्यांना त्यांचा समुद्र बोरीवलीत मिळेल आणि मला चाळीस वर्षांनी दाखला मिळेल. या दोन कारणांपैकी मोठं कुठलं, ते त्या बासष्ट वर्षांच्या बाईला विचारू नका. ती खोटं सांगेल.

तीन आठवडे मी खपले. लाटा सोप्या, एका नागमोडी रेषेवर दुसरी ठेवायची, दुसरीवर तिसरी. फेसाने मात्र जीव घेतला. आधी तो साबणासारखा दिसायचा, मग इडलीच्या पिठासारखा. डाळीच्या शिट्ट्या मोजायचं विसरून मी दोनदा डाळीची लापशी केली. आणि हे सगळं वन्संपासून लपवून. त्या खोलीत आल्या की मी लॅपटॉपचं झाकण पाडायची.

"काय लपयतंस गो?"

"ऑफिसचं काम आहे, वन्सं."

"रिटायर झालंस मा?"

"थोडं राहिलंय."

"बरां. पत्रां बित्रां लिवतंस काय कोणाक?"

आता माझा शहाणपणा बघा. घरात एक बाई होती जिने सत्तर वर्षं समुद्र बघितला होता. तिला मी एकदाही विचारलं नाही की लाट कशी येते. मी विचारलं बोरीवलीत वाढलेल्या नातीला. ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "झकास." झकास म्हटल्यावर माझ्या दृष्टीने प्रश्न मिटला.

स्पर्धा रविवारी दुपारी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात होती. एरवी तिथे पुठ्ठ्याची खोकी छापतात. खळ आणि शाईचा वास, कोपऱ्यात खोक्यांच्या थप्प्या, उजेड येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं, समोर पांढरा पडदा. चाळीसेक मुलंमुली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. वन्संना मी "चला, एक गंमत दाखवते" एवढंच सांगून रिक्षात घातलं होतं. मुलांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि कोणीतरी पायाखाली एक खोकं ठेवलं. वन्सं खूश. पहिला बोगदा आला, दुसरा बोगदा आला, वितळणारा गोळा आला. प्रत्येक वेळी त्या माझ्या कानाशी येऊन विचारायच्या, "ह्या काय?" मी म्हणायची, "थांबा हो जरा."

मग माझा आला. घरच्या चौदा इंचांतून निघून भिंतभर पसरला. खाली ओली वाळू, वर संध्याकाळचं आभाळ, मधे तो. मागून एक मुलगा म्हणाला, "भारी यार, फोम बघ." टाळ्या मधेच सुरू झाल्या. मी पडद्याकडे बघतच नव्हते, मी वन्संकडे बघत होते. त्यांनी मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. आणि टाळ्या थांबल्या त्या नेमक्या क्षणी सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"गो, ह्या पाणी खंय चल्ला?"

"कुठे म्हणजे? समुद्र आहे तो, वन्सं."

"समुद्र मी वळखतंय. चल्लो खंय तो?" त्यांनी हात वर केला आणि लाट करून दाखवली, लांबून आपल्या पायांपर्यंत. "लाट अशी येवक होयी. ही आमका पाठ दाखवन चल्ली. रुसली काय?"

मी वळून पडद्याकडे बघितलं. फेस वाळूच्या कडेला जन्माला येत होता आणि वर वर सरकत क्षितिजात नाहीसा होत होता. एकामागून एक, शिस्तीत, सगळ्या लाटा घर सोडून चाललेल्या. माझ्या शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "अय्यो, खरंच की." मग ते सगळ्यांनाच दिसलं, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा, पण होता माझ्यावरच.

चूक एका चिन्हाची होती. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाट पुढे जायला हवी असेल तर वेळ वजा करा. मी केली वजा. पुढे म्हणजे कुठे, हा विचार केला नाही. वाळूत उभ्या असलेल्या मुंबईच्या बाईचं पुढे म्हणजे समुद्राच्या आत. लाट तिच्याकडे येणार आहे हे तिच्या डोक्यातच नाही.

दाढीवाल्या एका मुलाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "आजी, हे मुद्दाम केलंय ना तुम्ही? सगळं परत चाललंय असा काहीतरी अर्थ?"

मला त्याचा इतका आधार वाटला की मी मान डोलावली. गंभीरपणे.

"मुद्दाम काय्येक नाय," वन्सं म्हणाल्या. "चुकला तिचा."

नियमाप्रमाणे दिलेली फाइल बदलता येत नव्हती. मतं मोजली, माझा नंबर सातवा आला. पहिला आला तो वितळणारा गोळा. वन्संनी आपली चिठ्ठी त्यालाच दिली होती, हे त्यांनी मला रिक्षात सांगितलं.

"एवढ्या लोकांत बोलायची गरज होती का, वन्सं?" मी विचारलं.

"मगे कोणाक सांगू? तू घरात दाखयलंस काय माका?"

मी बाहेर बघत बसले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "रंग बरो होतो." खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. सातव्या नंबराचं नव्हे. तीन आठवडे खपून मी त्यांच्यासाठी जो समुद्र केला, तोही त्यांच्यापासून लांबच चालला होता, आणि तो तसा मी स्वतःच्या हाताने पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची भांडी आवरून मी वन्संना लॅपटॉपसमोर बसवलं, वजा खोडलं आणि अधिक केलं. एक कळ दाबायचं काम. लाटा वळल्या आणि यायला लागल्या. "आता?" मी विचारलं.

"धावतत कित्याक? बस चुकता काय त्यांची?"

मी वेग कमी केला.

"सगळ्यो सारख्यो नाय येवचे. दोन ल्हान, मगे एक मोठी. आणि परत जातला ता पाणी पातळ, येणाऱ्या लाटेच्या पायात जाता."

मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. तीन दिवस असं चाललं. त्या सांगताना हाताने दाखवायच्या, आणि मी त्या हाताकडे बघून आकडे बदलायची. नात कॉलेजातून आली की दारातूनच वन्संकडे बोट करून विचारायची, "आज साहेब काय म्हणतायत?" परतीचं पातळ पाणी जमायला दीड दिवस गेला. मला कंटाळा आला होता, त्यांना नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी नातीने वायर लावून सगळं टीव्हीवर आणलं. वन्संनी खुर्ची पुढे ओढायला लावली, आणखी पुढे, अगदी टीव्हीच्या टेबलाला पाय लागेपर्यंत. दोन लहान लाटा आल्या आणि विरल्या. मग मोठी आली. तिच्या फेसाची कड पडद्याच्या खालच्या काठाला टेकली, आणि वन्संच्या उजव्या हाताने लुगड्याच्या निऱ्या चिमटीत धरून घोट्याच्या वर उचलल्या. लाट गेली. निऱ्या खाली आल्या. पुढची मोठी आली तेव्हा हात परत वर. त्यांचं त्यांना कळत नव्हतं. नातीने माझ्याकडे बघितलं, मी बोटाने तिला गप्प केलं.

किती वेळ बसलो होतो कोण जाणे, चहा निवून गेला. मग माझ्याकडे न बघता वन्सं म्हणाल्या,

"लाट आता बरी येता. पण वाळू अजून मुंबयचीच आसा गो. फुडल्या खेपेक आधी माका इचार."