सिंगापूरला नेलेला चुना

कब्रस्तानाच्या ऑफिसातली काउंटरमागची बाई संगणकाकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि माझी नात स्नेहा ते मला मराठीत सांगेना. बाहेर ऊन आणि पाऊस एकदमच पडत होते, आतल्या थंड हवेला फिनेलचा वास होता, आणि स्नेहा नुसता माझा हात दाबत उभी होती.

"बोल की," मी म्हटलं. "मेलेल्या मानसाचं आनखी काय वाईट व्हनार हाय?"

"आजी, कबर नाहीये. इथे जागा कमी, म्हणून पंधरा वर्षं झाली की कबर उकरतात. घरचं कोणी आलं तर अस्थी देतात. आपल्याकडून कोणी आलं नाही. मग अस्थी जाळून राख समुद्रात सोडली."

"कोनाला इचारून?"

"पेपरात नोटीस दिली होती, म्हणतात."

इथला पेपर आमच्या राहुरीला येत नाही, एवढंच मी म्हणाले. बाई काही वाईट वागली नाही. नियम होता, तो तिनं सांगितला, आणि वर मला कागदी पेल्यात पाणी दिलं.

सगुणा माझी थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि नोकरी धरून सिंगापूरला गेली. मी चौथीनंतर शाळा सोडलेली. घरी आई होती, बाप होता, आणि त्यांचं करायला मी होते. तिनं लग्न केलं नाही. दर नाताळाला तिचं पत्र यायचं, निळ्या पातळ कागदाचं, आणि ते उघडलं की दवाखान्यातल्या साबणाचा वास येतो असं मला उगीच वाटायचं. ती लिहायची, इथे एकाच रस्त्यावर मशीद आहे, थोडं पुढे तमिळांचं देऊळ आहे, त्याच्यापुढे चिन्यांचं आहे. वॉर्डात लोक चार भाषांतून कण्हतात, पण दुखतं कुठे ते सगळे हातानंच दाखवतात. शेवटची ओळ दरवेळी तीच असायची. मालन, एकदा ये.

मी गेले नाही. पैसा नव्हता हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. आईचं अंथरुणातलं सगळं मी काढलं, बापाचंही मीच काढलं, आणि ती तिकडे परक्यांचं करत होती, याचा मला राग होता. शेवटच्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. तिसरं पत्र तिच्या मैत्रिणीचं आलं. त्यात एक फोटो होता. हिरवं गवत, सिमेंटचा क्रूस आणि खाली नंबर.

आमच्याकडे ईस्टरच्या आधी, उन्हं तापायला लागतात तेव्हा, कबरी झाडून त्यांना चुना देतात. त्यानंतर दर वर्षी आई-बापाच्या कबरीवर कुंचला फिरवताना ओल्या चुन्याचा उग्र वास नाकात जायचा आणि मला तिसरी कबर दिसायची, परक्या पावसात शेवाळलेली, कोणाचा हात न लागलेली. म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या स्नेहानं चार दिवसांची सहल काढली, तेव्हा मी तिला न सांगता सामानात किलोभर चुन्याची भुकटी आणि नवा कुंचला घातला.

तिथल्या विमानतळावर ती पांढरी भुकटी बघून दोन साहेब आले. स्नेहा भुकटीहून पांढरी झाली.

"आजी! तुरुंगात घालतील आपल्याला!"

"घालू दे. भिंती रंगवून देईन त्यांच्या."

त्यातल्या वयस्कर मलाय साहेबानं भुकटी चिमटीत घेतली, यंत्रात घालून तपासली, आणि हसला. त्याची आजी विड्याच्या पानाला हाच चुना लावायची, असं त्यानं स्नेहाला सांगितलं आणि पुडी नीट बांधून परत दिली.

पहिले दोन दिवस आम्ही शहर बघितलं. मशीद, देऊळ, चिन्यांचं देऊळ, सगळं तिनं लिहिलेल्याच क्रमानं होतं. मोगऱ्याच्या गजऱ्यांशेजारी सुके मासे, त्यांच्यापुढे उदबत्तीचा निळा धूर, आणि त्या सगळ्यावर वाफेसारखी दमट उन्हं. स्नेहा फोटो काढत होती. मी म्हाताऱ्या बायकांचे चेहरे बघत होते. सगुणा मेली आहे हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी कोणी ताठ मानेनं, भराभरा चालत गेली की मी वळून बघायची.

तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसातून निघताना मी स्नेहाकरवी विचारलं, चुना कोणाला हवा आहे का? बाई म्हणाली, आता इथल्या कबरींना गुळगुळीत फरशी असते, चुना लागत नाही.

"हॉटेलवर जायचं का आजी?"

"न्हाई. समुद्र दाव."

दुपार उतरली होती. पाऊस थांबला होता आणि पाण्याचा रंग मेणचट राखाडी झाला होता. लांबवर मोठी जहाजं ओळीनं उभी होती, वाऱ्याला मिठाचा आणि तेलाचा वास होता. राख नेमकी कुठे सोडली ते तिथून दिसत नाही. दिसलं असतं तरी पाणी काय, सगळं सारखंच.

बापानं स्वतः जुळवलेली एक प्रार्थना होती, कुठल्या पुस्तकात नसलेली. दिवेलागणीला आम्ही दोघी बहिणी ती म्हणायचो. एक ओळ सगुणा, एक मी. थोरली म्हणून सुरुवात तिची. तिच्या ओळी पाठ करायची मला कधी गरजच पडली नव्हती.

मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. पहिल्या ओळीला थांबले, मग माझी ओळ म्हटली. पुन्हा थांबले, पुन्हा माझी म्हटली. थांबले की लाटेचा दगडांवरचा आवाज ऐकू यायचा.

"आजी, मधलं मधलं विसरलीस का?" स्नेहानं हळूच विचारलं.

"इसरले न्हाई. ते तिचं हाय."

माझ्या ओळी सहा निघाल्या. त्या संपल्यावर चुन्याची पुडी तशीच घेऊन आम्ही बस पकडली.

ती प्रार्थना आम्हा दोघींनाच येत होती. सगुणा गेली. मी आहे.