ह्यातली एक आपली न्हाय

आधीच सांगतो... भूतबीत, चकवा, स्वप्नात येऊन बोलणारी माणसं, असलं कुणी माझ्यापुढं सांगायला लागलं की मी सरळ उठून चहाला जातो. बारामतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसतोय. जे दिसतं तेवढंच लिहायचं, ही सवय. तरी हे लिहितोय, कारण दीड वर्ष झालं, पोटात ठेवून ठेवून कंटाळलो.

माझी धाकटी बहीण वंदा, इंदापूर तालुक्यातल्या कळसला दिलेली. तिचं डोकं दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग चष्म्याचा नंबर म्हणून. महिनाभरात ताप यायला लागला, एकाची दोन माणसं दिसायला लागली, आणि एक दिवस दाजींचा फोन — "पाव्हणं, ही मला वळखंना. लवकर या."

बारामतीला ॲडमिट केलं. डॉक्टरांनी कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. मेंदूभोवती असतं तेच हे पाणी. आणि ते तपासायला आलं आमच्याच लॅबमध्ये! घरच्या माणसाचं सॅम्पल आपण बघू नये, हा आमच्यातला साधा नियम. पण मी स्वातीच्या, म्हणजे माझ्या ज्युनिअरच्या हातातनं ट्यूब अक्षरशः ओढून घेतली. "सर, मी बघते ना," ती म्हणाली. "तू गप बस," म्हणालो. ही पहिली चूक.

दुसरी त्याहून मोठी. पाण्यात साखर कमी, प्रोटीन जास्त, पांढऱ्या पेशी भरपूर, त्यातही बहुतेक लिम्फोसाइट, म्हणजे लहान गोल जातीच्या. हे चित्र मी कितीदा तरी पाहिलेलं — टीबीचा मेनिंजायटिस, मेंदूच्या आवरणाला आलेली सूज. आणि खरं सांगू? मला आनंद झाला. टीबीला औषधं आहेत, वंदी बरी होणार! मला तो टीबीच हवा होता. शंभर पेशी एकेक ओळखून मोजायच्या असतात, मी चाळीसवर थांबलो आणि रिपोर्ट टाइप करायला घेतला. डॉक्टर वाटच बघत होते, संध्याकाळी टीबीच्या गोळ्या आणि सोबत स्टेरॉइड सुरू करणार होते.

दुपारचे तीन वाजले असतील. एसी चालू, दार बंद, आत मी आणि स्वाती दोघंच. आणि माझ्या उजव्या कानाशी, अगदी जवळून...

"नीट बघ. ह्यातली एक आपली न्हाय."

आबा! माझे वडील. त्यांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

वाक्य त्यांचंच. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती. दिवस मावळताना कळप वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात घेताना, आबा कधी आकडा मोजायचे नाहीत. नुसते तोंडाशी उभे राहून एकेकीचा चेहरा बघायचे. वाटेत दुसऱ्याच्या कळपातली एखादी मिसळून आलेली असायची. आम्हा पोरांना सगळ्या सारख्याच दिसायच्या. आबा मात्र हे एवढंच बोलायचे आणि बरोबर तिच्याच मानेवर हात टाकायचे.

मी वळून बघितलं. कुणी नाही. मनाचे खेळ, दुसरं काय... असं म्हणतोय तोवर स्वाती खुर्ची फिरवून म्हणाली, "सर, आत्ता कोण बोललं?"

अंगावर सर्रकन काटा आला. तसाच परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. मोजणं सोडलं, एकेक पेशी नुसती बघत गेलो. लहान, गोल, लहान, लहान... आणि एका कोपऱ्यात ती. दुप्पट मोठी, केंद्रक वेडंवाकडं, भोवती निळीगर्द कड. मग आणखी एक. मग पाच-सहांचा झुबका. टीबीत अशा नसतात. ह्या कॅन्सरच्या दिसत होत्या, लिम्फोमाच्या.

डॉक्टरांना फोन लावला. "स्टेरॉइड देऊ नका!"

"अहो, पेशंट तुमची बहीण आहे, तुम्ही घाबरलाय," ते वैतागले.

"घाबरलोयच. पण एकदा येऊन बघा."

आले बिचारे. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं थांबवलंत." स्टेरॉइडनं ह्या पेशी काही दिवस नाहीशाच होतात. पेशंटला बरं वाटतं, तपासणीत काही सापडत नाही, आणि आजार मागाहून उलटतो. त्यांनी पुन्हा पाणी काढलं, दाजी स्वतः ते घेऊन पुण्याला गेले. निदान आलं — मेंदूच्या आवरणातला लिम्फोमा.

मग पुण्यात केमो. केस गेले, तोंड आलं. एक दिवस वंदी नर्सशी भांडली, मग दाजींशी, मग माझ्याशी, आणि मी मनात म्हणालो, आली गं बया परत! आता स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर "लक्ष ठेवू" म्हणतात, आम्ही ठेवतो. वंदी पहिल्यासारखी गोठ्यातलं सगळं एकटी बघते.

आता तो आवाज. माझ्या डोक्यातला म्हणावा, तर स्वातीनं काय ऐकलं? तिला दहादा विचारलंय. "म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, शब्द नाही कळले," एवढंच सांगते. बाहेर कुणी आजोबा बसले असतील म्हणून कॅमेरासुद्धा तपासला. बाहेर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. उत्तर नाही सापडलं, अजून नाही.

वंदीला हे सांगायचा धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात कळसला तिच्या अंगणात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं, हात जोडेल. ती भडकलीच!

"आबा आलं व्हतं? आन् तुझ्याकडं? मी तितं मरायला टेकली व्हती, मला न्हाय दिसलं ते!"

"आगं, तुझ्यासाठीच आलं व्हतं की."

"मग मला भेटून जायला काय झालं व्हतं त्यास्नी?" असं म्हणाली, आणि शेंगांची पाटी बाजूला सारून हमसून हमसून रडली.

मी पाटी माझ्याकडं ओढली आणि तिच्या वाटच्या शेंगा फोडत बसलो.