हेलिकॉप्टर आलंच नाही

शारजात वाढलेल्या आमच्या मुलीचा लहानपणी एक ठाम समज होता: सिनेमात हिरो हिरॉइनच्या जवळ सरकला की हेलिकॉप्टर येतं. तिची काय चूक? इथल्या थिएटरात चुंबन तेवढं कात्रीत जायचं आणि पुढचा सीन धाडकन अंगावर यायचा. शुक्रवारी इंग्रजी मारधाडपट आम्ही सहकुटुंब बघायचो ते याच भरवशावर.

नव्वदच्या दशकातला हिरो दंड फुगवून एकटा अख्खी पलटण गारद करायचा आणि त्याचा भांगही विस्कटायचा नाही. पुढे पब्लिकला ते पटेनासं झालं. मग हिरो दमायला लागला, रडायला लागला. हिरॉइन किंचाळायचं सोडून लाथा घालू लागली. स्फोट कॉम्प्युटरवर व्हायला लागल्यावर तर एका इमारतीनं कुणाचं समाधान होईना, सबंध शहर पाडावं लागे. मला हे सगळं बेहद्द आवडायचं.

त्याच सुमारास माझे सासरे पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आले. मराठी शाळेतले निवृत्त हेडमास्तर. नातीला पाचवीपासून पुण्यात आपल्याकडे ठेवायचं, हे ते ठरवूनच आले होते. "मराठीत विचारावं, तर पोर उत्तर देते इंग्रजीत," हे त्यांचं पालुपद. बायकोही डळमळायला लागली होती. पोरगी घरात नसणार या कल्पनेनंच मला घास गोड लागेना. तेव्हा आजोबांना खूश ठेवायचा मी चंगच बांधला.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर सिनेमाचा बेत काढला. डीव्हीडी ऑफिसातल्या मित्रानं लंडनहून आणलेली.

"अहो, यात तसलं काही नाही ना?" बायकोनं दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, मी थिएटरात बघितलाय. एकदम फॅमिली पिक्चर!"

पहिला तास झकास गेला. पूल उडाले, माणसं पटापट पडली, सासरे चिवडा खात होते. मग हिरो हिरॉइनच्या जवळ सरकला. मी हेलिकॉप्टरची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. लंडनच्या डिस्कला इथली कात्री कुठून लागणार! मी रिमोटसाठी झेपावलो, टीपॉयला अडखळलो आणि चिवड्याची बशी गालिच्यावर उपडी झाली.

"ओ माय गॉड, सो दॅट्स व्हॉट हॅपन्स!" मुलगी ओरडली.

सासऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, मघापासून शे-दीडशे माणसं मेली, तेव्हा तुम्ही जागचे हलला नाहीत. आता दोघांनी एकमेकांना जवळ घेतलं, तर एवढी पळापळ?"

ते नातीकडे वळले. "तू सांग गं, ही बाई कुणाच्या बाजूची? यांचं भरभर इंग्रजी मला कळत नाही."

"आजोबा, शी वॉज..." ती थांबली. शब्द शोधू लागली. "ती आधी त्यांची होती. आता आपली झाली."

"का बरं?"

आणि पोरगी सांगत सुटली. मोडकंतोडकं, पण मराठीत, पार शेवटच्या स्फोटापर्यंत. मी गालिच्यावर बसून शेंगदाणे वेचत होतो आणि मला चक्क रडू येत होतं.

संध्याकाळी बायकोनंच पुण्याच्या शाळेचा विषय काढला.

"राहू दे इथेच," सासरे म्हणाले. "बोलते की ती. तिला सांगावंसं वाटेल असं काही आपणच विचारत नव्हतो."