झांजवाली आणि नळाचं गाणं

सरकारी स्वागत-बँडात झांजा वाजवणाऱ्या बाईला सगळे छन्नमावशी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव नवऱ्यालासुद्धा आठवून सांगावं लागे. बँडात ती शिरली ती झांजा घासायला. राखेनं आणि लिंबानं अशा लख्ख करायची की वाजवणाऱ्याला त्यात स्वतःची मिशी दिसे. एका दुपारी त्या मिशीवाल्याची कंबर धरली, पाहुणे तर दारात आले, आणि बँडमास्तरांनी हिच्याकडे बघून नुसती मान हलवली. हिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि हाणलं. तेव्हापासून झांजा हिच्या झाल्या. झांजा एवढ्या मोठ्या आणि बाई एवढीशी, की समोरून बघणाऱ्याला वाटे दोन पितळी परातीच चालत येताहेत.

काम मोठ्या मानाचं. परदेशचे मंत्री विमानातून उतरले की आधी त्यांच्या देशाचं गाणं वाजवायचं, मग आपलं. मास्तरांच्या तोंडात सनई, म्हणजे बोलायची सोय नाही. सगळा कारभार डोळ्यांवर. एक भुवई उडाली तर पाहुण्यांचं गाणं, दोन्ही उडाल्या तर आपलं. आणि एक डोळा मिटला तर नळाचं गाणं.

आता देशांच्या गाण्यांत हा नळ कुठून आला? तर नळ आणि पाइप बनवणारी एक बडी कंपनी होती. बँडाचे जुने डगले कोपरांवर फाटले तेव्हा नवे लाल डगले तिनंच शिवून दिले. सरकार म्हणालं, वा! मग कंपनीच्या प्रत्येक समारंभाला बँड जाऊ लागला आणि तिची जाहिरात वाजवू लागला. ‘धो धो धो पाणी, घरोघरी गाणी, नळ असावा तर असा!’ सुरुवातीला नुसती झांज, छन्न! आणि त्या छन्नमागून सगळी वाद्यं उतारावरच्या गाडीसारखी सुटायची. खरं सांगायचं तर आपल्या देशाच्या गाण्यापेक्षा बँडाचा हात नळाच्या गाण्यावर जास्त बसला होता.

त्या वर्षी नवल झालं. शेजारच्या देशाशी आपलं किती वर्षांचं वाकडं, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. अचानक बातम्यांत दोघांचे गळ्यात गळे. कारण असं, की डोंगरापलीकडचं पाणी अलीकडे आणायचं कंपनीच्या मनात आलं. पाइप दोन्ही देशांतून जाणार, मग दोन्ही देशांनी गोड बोलायला नको? सोयरीक जमवणारी मंडळी नाही का धावपळ करत, तशी कंपनी या मंत्र्याकडून त्या मंत्र्याकडे पळत होती. आपल्या मंत्रीसाहेबांचं भाषणही कंपनीच्याच कचेरीत लिहिलं गेलं म्हणे.

आणि मानपानाचं सगळं बघणारे शिष्टाचारसाहेब बँडाच्या खोलीत आले.

“मंडळी, कंपनी आपल्याला मोठे कर्णे भेट देणार आहे. कळ दाबली की गाणं सुरू.”

“मग आम्ही काय दाबायचं, साहेब?” ढोलवाल्या काकांनी विचारलं.

“परवा शेजारच्या देशाचे पाहुणे येताहेत. ते स्वागत नीट झालं तर मी तुमच्यासाठी भांडेन. पण एक सूर जरी इकडचा तिकडे झाला, तर बँड बंद.”

 घरी हे ऐकून छन्नमावशीचा नवरा म्हणाला, “बरं झालं की. इथे बस, भाजी निवड.”

“भाजी निवडताना मंत्री उभे राहतात का हो?” ती म्हणाली, आणि ताटल्या एकमेकींवर आपटत पाहुण्यांच्या गाण्याचा सराव करत बसली. नवऱ्यानं कानात कापूस घातला.

तो दिवस उजाडला. विमानतळावर लाल गालिचा, वर कडकडीत ऊन. आपले मंत्रीसाहेब पुढे. कंपनीचे मालक, नळवाले साहेब, अगदी मागच्या रांगेत, जशी लांबची पाहुणेमंडळी. पण पुढचा प्रत्येक जण काही बोलायच्या आधी हळूच मान वळवून त्यांच्याकडे बघत होता. विमान थांबलं. पलीकडच्या मंत्रीणबाई उतरल्या, उंच, टोकदार नाकाच्या. सगळं चिडीचूप.

मास्तरांनी सनई तोंडाला लावली. एक भुवई उडणार, तेवढ्यात कुठूनसं एक चिलट आलं आणि नेमकं त्यांच्या डोळ्यात शिरलं.

डोळा मिटला.

छन्न!

हात खाली आले तेव्हाच मावशीला कळलं, पण छन्न काही परत घेता येत नाही. तुताऱ्या सुटल्या, ढोल सुटला, मास्तरांची सनईसुद्धा बिचारी मागून धावली. धो धो धो पाणी!  मावशी मनात म्हणाली, संपलं बाई, आता जन्मभर भाजी निवड.

आणि बघते तर काय! आपले मंत्रीसाहेब छातीवर हात ठेवून ताठ उभे. कंपनीच्या समारंभात अशीच सवय लागलेली ना! त्यांच्यामागे सगळे अधिकारी ताठ. शिष्टाचारसाहेब तेवढे पांढरे पडले होते, पण ओठ त्यांचेही हलत होते, ‘घरोघरी गाणी’. पाहुण्यांचं काय, म्हणून मावशीनं भीतभीत तिकडे नजर टाकली, तर मंत्रीणबाईंचा हात छातीवर! त्यांचे अधिकारी ताठ, त्यांचा बॅग धरणारा तर गळा काढून गात होता. भाषा त्यांची, चाल तीच. कंपनीनं तिकडेही कुणाला तरी डगले शिवले होते, दुसरं काय! दोन्ही देशांनी मिळून असा काही सूर लावला, की दोन्हीकडच्या शाळांत कधी लागला नसेल. मावशीला ओठ चावूनही हसू आवरेना. शेवटची झांज तिनं हसता हसताच हाणली.

गाणं संपलं आणि शिष्टाचारसाहेब बँडावर धावून आले. “कुणी केलं हे?”

ढोलवाले काका आभाळात पक्षी शोधू लागले. तुतारीवाला तुतारीतली थुंकी झटकू लागला. मास्तर डोळा चोळत होते.

“मी, साहेब,” मावशी म्हणाली. “चिलट मास्तरांच्या डोळ्यात गेलं आणि चुकला माझा हात.”

साहेबांनी तोंड उघडलं, पण तोवर नळवाले साहेब टाळ्या वाजवत पोचले होते. मागोमाग दोन्ही मंत्रीही. “झकास! दरवेळी असंच व्हायला पाहिजे! बाई, आजपासून तुमचा बँड आमच्या कंपनीचा. सरकारला आम्ही कर्णे देतोच आहोत.”

“पण आम्ही सरकारची माणसं आहोत, साहेब.”

“अहो मावशी,” नळवाले साहेब गोड हसले, “आणि सरकार कुणाचं?”

सगळ्यांनी आपल्या मंत्रीसाहेबांकडे पाहिलं. मंत्रीसाहेबांनी खाकरून घसा साफ केला, बोलायला तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी सवयीनं मान वळवून नळवाल्यांकडे पाहिलं.

मंत्रीणबाईंना हसूच फुटलं. “आमच्याकडेही अगदी अस्संच!” त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. दुभाष्यानं सांगितलं तेव्हा दुभाष्यालाही हसू आलं. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पण आमचं गाणं राहिलंच की. ते वाजल्याशिवाय मी गालिच्यावरून पुढे जायची नाही.”

“कर्णे लावा!” शिष्टाचारसाहेब ओरडले.

“ते अजून गोदामात आहेत,” नळवाले म्हणाले.

“मग बँडाशिवाय कसं व्हायचं?” मावशीनं अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं.

आता कॅमेरे सगळे मंत्रीसाहेबांवर. त्यांच्या कपाळाला घाम आला. मान पुन्हा वळायला निघाली, अर्ध्यात थांबली. “बँड सरकारचा आहे,” ते मोठ्यानं म्हणाले, “आणि सरकारचाच राहील! वाजवा!” बोलून झाल्यावर आपल्याच तोंडून हे निघालं म्हणून त्यांचे डोळे गोल झाले.

मग मास्तरांची एक भुवई उडाली, दुसरा डोळा अजून लाल, आणि बँडानं पाहुण्यांचं गाणं वाजवलं. फार सुरेल नव्हतं. मावशीनं आनंदाच्या भरात नसलेल्या ठिकाणीही झांज हाणली. मंत्रीणबाईंनी मात्र जाता जाता तिचा हात हातात घेतला आणि पितळेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मावशीला भाषा कळली नाही, पण तिनं आपलं सांगितलं, “राख आणि लिंबू.”

करारावर सही मात्र झाली बरं का. पाइप पडायचे ते पडलेच. नळवाले साहेब जराही रागावले नव्हते. त्यांची गाडी सगळ्यांत पुढे निघाली, मंत्री मागून. ते बघून ढोलवाले काका म्हणाले, “मावशी, बँड राहिला, सरकारचं काय?” आणि बँड हसून हसून ट्रकच्या चाकाला टेकला. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“बसा की आता!” ड्रायव्हर खेकसला. मंगळवारी आणखी एका देशाचे पाहुणे यायचे होते, आणि त्यांचं गाणं अजून कुणालाच येत नव्हतं. मास्तरांनी ट्रकात बसल्याबसल्या ते गुणगुणायला घेतलं. छन्नमावशीनं झांजा मांडीवर ठेवल्या, दोन्ही कान टवकारले आणि बाकीच्यांना दटावलं, “हसू नका रे मेल्यांनो, शिकू द्या.”