पार्वताबाईंचे चौऱ्याऐंशी टक्के

एकोडीच्या अंगणवाडीत पार्वताबाईंनी सव्वीस वर्षं पोरांची वजनं केली. दरवेळी आधी काटा शून्यावर आणायच्या आणि मगच पोराला झोळीत बसवायच्या. वजन शंभर ग्रॅमने जरी वाढवून लिहायला कुणी सांगितलं, तरी बाईंचा पेन हलायचा नाही.

निवृत्तीनंतर त्यांना दम लागायला लागला. साकोलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीसारख्या मशीनवर हृदय पाहिलं. एका ठोक्यात बासष्ट टक्के रक्त बाहेर फेकतं, म्हणाले, ठीक आहे. तरी शंका नको म्हणून त्यांनी नागपूरला पाठवलं. तिथे हातात किरणोत्सर्गी औषधाची सुई टोचून कॅमेऱ्याखाली निजवलं. त्यात आकडा आला चौऱ्याऐंशी!

बाईंचे यजमान यादोराव तिथूनच गावात फोन लावत सुटले. "आमच्या बाईले चौऱ्याऐंशी टक्के पडले!"

बाई मात्र रिपोर्ट घेऊन थेट तिथल्या डॉक्टरांपुढे बसल्या. "साहेब, हृदय एकच. मंग तिकडं बासष्ट अन् इकडं चौऱ्याऐंशी काहून? कोनाचा काटा चुकला?"

डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. "तुमचं हृदय आकाराने लहान आहे. आवळल्यावर आतली पोकळी इतकी बारीक होते, की आमच्या कॅमेऱ्याला दोन बाजूंच्या भिंती वेगळ्या दिसत नाहीत. पोकळी आहे त्याहून लहान मोजली जाते आणि आकडा फुगतो. लहान चणीच्या बायकांत हे नेहमी होतं. तुमच्या बाबतीत बासष्टच धरा. हृदय चांगलं आहे, रक्तपुरवठाही चांगला आहे."

"लहान हृदय!" यादोराव उसळलेच. "मी चाळीस वर्षांपासून हेच तं सांगून राहिलो, साहेब!"

बाई त्यांच्याकडे वळल्या. "आता पुन्हा फोन लावा. ज्याले ज्याले चौऱ्याऐंशी सांगतले, त्याले बासष्ट सांगा."

बाहेरच्या बाकावर बसून यादोरावांनी अकरा फोन केले. बाई शेजारी बसून मोजत होत्या.

मग दम कशाने लागतो? डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं साडेसात; हवं असतं निदान बारा. गावातल्या पोरींना समोर उभं करून लोहाच्या गोळ्या गिळायला लावणाऱ्या बाईंनी स्वतः एकही कधी घेतली नव्हती.

"मळमळते ना जी," त्या पुटपुटल्या.

आता रोज जेवण झालं, की यादोराव लोहाची गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन समोर उभे राहतात. "आ करा, मॅडम. जीभ वर करून दाखवा."