सिस्टर आमच्या गटात आल्या

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं माफ असावं. वाचणारं तसं कोणी नाही. पण शाळेची नववी कशी सुरू झाली ते कुणाला बोलून सांगायचं तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून लिहिते.

तासगावकडच्या आमच्या गावात कॅथलिक सिस्टरांनी शाळा काढली, तेव्हा मी तिथे झाडलोट करायला आणि घंटा द्यायला लागले. सिस्टर म्हणजे मिरजेच्या दवाखान्यातली नर्स, एवढंच गावाला माहीत. सुरुवातीला लोक तापाची पोरं काखेला मारून इंजेक्शनासाठी शाळेत यायचे. मोठ्या सिस्टर गोव्याकडच्या, गणित शिकवायच्या. त्या पोराच्या कपाळाला हात लावायच्या, दवाखान्याचा रस्ता दाखवायच्या आणि जाता जाता विचारायच्या, "हा शाळेत कधी येणार?"

सातवीपर्यंतचे वर्ग भाड्याच्या घरात भरायचे. आठवीला जागाच नव्हती. एका बागायतदाराने बेदाण्याचं शेड हंगामापर्यंत वापरायला दिलं. द्राक्षं वाळवायच्या जाळीला तारेने फळा बांधला आणि आठवी सुरू झाली. माझी थोरली त्याच वर्गात. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "गावात असंल तवर शिकू दे. पोरीला एस.टी.नं तासगावला धाडायची न्हाई." म्हणजे गावात नववी निघाली नाही, तर मी शाळेत लागायच्या आधी जायची तसं तिने दुसऱ्याच्या बागेत कामाला जायचं.

पालकांनी वर्गणी काढली, अंगमेहनत केली, दोन खोल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. आणि पैसे संपले. हंगाम तोंडावर आला, शेड रिकामं करायचं, तरी वर पत्रे नाहीत; आणि छपराशिवाय नववीला सरकारी मंजुरी नाही. एक दिवस मोठ्या सिस्टर त्या उघड्या खोलीत विटांवर बसल्या होत्या. मी झाडता झाडता बोलून गेले, "आमच्या बचत गटात पैसं हायत. पर मेंबर सोडून दुसऱ्याला देत न्हाईत."

सिस्टर उठल्याच. "मग मला मेंबर करा."

त्यांच्या मठातल्या वरच्या मदरची परवानगी आणून त्या पुढच्या मीटिंगला गटाच्या अध्यक्षीणकाकींच्या घरी सोप्यात आमच्याबरोबर सतरंजीवर बसल्या. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. एक म्हणाली, "आवं सिस्टर, तुमाला तर भाईरच्या देशातनं पैसा येतो म्हणत्यात."

"येत असेल कुणाला तरी. आम्हाला लाईटबिल येतं."

सगळ्या हसल्या. काकींनी नाव लिहून घेतलं आणि सवयीने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" सिस्टर लग्न करत नाहीत, देवालाच वाहिलेल्या असतात, हे आठवून त्यांनीच जीभ चावली.

सिस्टर म्हणाल्या, "येशू लिहा. पण हप्ता मलाच भरावा लागेल."

मग जामीन कोण, हा प्रश्न आला. जी ती शेजारणीकडे बघायला लागली. मी कधी मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नाही, हजेरीलासुद्धा मान हलवायची. त्या दिवशी कशी उभी राहिले मला माहीत नाही. म्हटलं, "मी जामीन."

काकी म्हणाल्या, "अगं, तुला पगार सिस्टर देनार, आन् सिस्टरला जामीन तू? बुडाली तर दोघी संगट बुडशीला."

"पगार न्हाई मिळाला तर मी बागंत जाईन, पर गटाचं पैसं फेडीन. पत्रं पडलं पायजेत, काकी. माझी पोरगी नववीला बसायची हाय."

एवढं बोलून मी पदर तोंडाला लावला. काकींनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "लिवते जामीन."

पत्रे ट्रॅक्टरमधून आले तेव्हा अख्खी शाळा रस्त्यावर धावली. मी घंटा द्यायची विसरले, कुणी रागावलं नाही. आठवी शेडमधून नव्या खोलीत आली, वाटेने पोरी बाक डोक्यावर घेऊन गाणी म्हणत होत्या. नववीच्या मंजुरीसाठी तपासणीला साहेब आले, खोल्या बघून गेले, आणि जूनला नववी भरली. पहिल्या बाकावर माझी थोरली. मी त्या दिवशी तोच व्हरांडा सारखा झाडत होते, खिडकीतून बघता यावं म्हणून.

हप्ते काही सोपे गेले नाहीत. मीटिंगला उशीर झाला की गटात दंड असतो, तो सिस्टरांनाही चुकला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैसे कमी पडले, तेव्हा त्या आमच्याबरोबर बेदाणे निवडायला रोजावर आल्या. बायका चिडवायच्या, "सिस्टर, एवढ्या येळात आमचा डबा भरला. तुमी एकेक बेदाना काय मोजताय व्हय?" सिस्टर म्हणायच्या, "गणिताची सवय." पण हात भराभर चालवायला शिकल्या. रोजगाराचे पैसे तिथल्या तिथे काकींच्या हातात द्यायच्या.

थोरली दहावीला गेली, खाली आठवीची नवी तुकडी आली, आणि हायस्कूल म्हणून पाटी लागली. मी मात्र दर मीटिंगला सिस्टर येईपर्यंत दाराकडे बघत बसायची, कारण जामिनावर माझी सही होती.

शेवटच्या हप्त्याला सिस्टर वेळेवर आल्या. काकींनी नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुटलीस गं." मुद्दल, व्याज, सगळं फिटलं होतं.